डोळ्याचा पडदा बघायचा राहिला

आई, काल डोळ्याचा पडदा तपासून आले. कालच लिहिणार होते, पण ते थेंब घातले की जवळचं अक्षर संध्याकाळपर्यंत दिसत नाही, म्हणून आज लिहिते. चौथीतनं शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर तसंही कुणाला लागतंय म्हणा.

नात सोबत आली होती. मी म्हटलं, "मी काय कुकुलं बाळ हाय का? भोसरीतनं रिक्षा मिळती मला." तर म्हणते, "आज्जी, येताना रिक्षा समोर उभी असली तरी ओळखायची नाहीस तू." वर मी गेले उपाशी, रक्त तपासतात तसं समजून. तिथली नर्स खेकसली, "साखरेच्या माणसानं उपाशी यायचं का आजी? चक्कर येऊन पडलात म्हणजे?" मग नातीनं तिच्या डब्यातली चपाती चारली. त्यानंतर थेंब. जरा चुरचुरतं, बाकी काही नाही. डोळे मिटून बाकावर बसायचं, थोड्या वेळानं परत थेंब, परत बसायचं. बुबुळाचं भोक मोठं झाल्याशिवाय डॉक्टरला मागचा पडदा नीट दिसत नाही. दाराच्या फटीतनं सगळी खोली कशी दिसणार?

शेजारची बाई पदर सावरून उठली. "पडलं औषध डोळ्यात, झालं. निघते, नळाला पाणी यायची वेळ झाली." मी तिचं मनगट असं धरलं, की बांगडी वाढायचीच राहिली. "बस खाली. हे औषध न्हाई, ही नुसती कडी काढलीय. आत कुणी बघितलंय का अजून?" म्हणाली, "तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात?" म्हटलं, "न्हाई. मी एकदा अशीच उठून गेलेली हाय." बसली मग, तोंड वाकडं करून.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. उजेड एवढा, की जणू सूर्यच डोळ्यात उतरवलाय. पण दुखत नाही. बघून झाल्यावर म्हणाल्या, मागे रक्ताचे बारीक ठिपके आहेत. मी म्हटलं, "चष्मा लावून सुईत दोरा ओवते की मी!" त्या म्हणाल्या, "तीच तर गंमत आहे आजी. पडदा बिघडताना दुखत नाही, आणि बरंच बिघडेपर्यंत कळतही नाही. साखर आवरा, चार महिन्यांनी परत या. वेळेत आलात तर पुष्कळ वाचवता येतं." बाहेर पडले तर ऊन नुसतं पांढरंफेक. नातीनं तिचा काळा गॉगल मला चढवला आणि हाताला धरून चालवलं.

वेळेत म्हणे. तुला मी वेळेतच नेलं होतं. तुलाही साखर होती, शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तुझ्या डोळ्यात थेंब पडले, आपण दोघी सतरंजीवर बसलो. माझी वर्कशॉपातली दोनची शिफ्ट. मी उठले. तू म्हणालीस, "अगं, बस म्हणलीय ती नर्स. नाव पुकारलं न्हाई अजून." मी म्हटलं, "थेंब पडले, झालं की. आता काय पूजा करतात का तुझी?" घरी येईस्तो तुला सगळं धूसर, उजेड सोसेना. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी परत स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा वाटलं, औषध लागू पडलं. पडदा बघायचा राहिलाय हे कळायला अक्कल लागते. पुढं दोन वर्षांत तू तव्यावरची भाकरी हातानं चाचपायला लागलीस. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, आधी का नाही दाखवलं? भाऊ शेजारी उभा होता. मी म्हटलं, "शिबिरात नेली होती, पण आई बसायलाच तयार न्हाई." तू तिथंच खुर्चीवर होतीस. ऐकलंस सगळं. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तू तर आता नाहीस, हा कागद भावाला तरी वाचायला द्यावा, असं लिहायला बसताना मनात होतं. आता घडी करून माझ्याच पेटीत ठेवणार. काल त्याचा फोन आला होता. माझ्या डोळ्याचं ऐकून म्हणाला, "ताई, तारखेला नीट जात जा. आईसारखा हट्ट करू नकोस."

मी "व्हय" म्हणाले.