दुकानाची नवी पाटी

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडतो. तब्येत ठणठणीत आहे, जेवणही पोटभर मिळतं. आईची कंबर कशी आहे?

कॉलेजात हिशेब, जाहिरात, माणसं सांभाळणं, सगळं शिकवतात. शेवटच्या वर्षी कंपनीत कामालाही पाठवतात.

परवा सरांनी प्रत्येकाला घरचा धंदा वर्गापुढे मांडायला लावला. मी हौसेनं आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान मांडलं. शाळेच्या पोरांचं पंक्चर तुम्ही फुकट काढता, तेही सांगितलं. सगळे हसले. तास संपायच्या आत वर्गानं ठरवलं, दुकान बंद करावं.

बाबा, मी इथे शिकलेलं सगळं त्यांच्याच बाजूचं होतं.

तुम्ही ‘आणि चिरंजीव’ अशी नवी पाटी रंगवायला टाकणार होता. टाकली नसेल, तर इतक्यात टाकू नका.

तुमचा,
धाकटा