मेतकुटावरचं नाव

३१ जानेवारी
...तर हो, चूक माझीच. काकू वीस वर्षं औंढ्यात देवळाच्या रस्त्यावर टेबल टाकून मेतकूट विकून राहिली. ब्राउन पेपरची पुडी, वर रबर. पुडीवर नावच नव्हतं, म्हणून कोणाचं काही बिघडलं पण नव्हतं. मग मला बिझनेसचे व्हिडिओ बघून जोश आला. लेबल केलं — ‘मधुवंती मेतकूट’. काकूचंच नाव, अजून काय टाकणार! वरून ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज पण मीच भरला.

आज नोटीस आली. मुंबईच्या मोठ्या कंपनीची. त्यांची ‘मधुवंती’ बिस्किटं आहेत, सॉस आहे. तर काकूनं पंधरा दिवसांत ‘मधुवंती’ बंद करावं. पंधरावा दिवस म्हणजे बराबर महाशिवरात्र — वर्षातली सगळ्यात मोठी विक्री.

त्यांना आमचा पत्ता कुठं सापडला? माझ्याच अर्जात. पिनकोडसकट!

१ फेब्रुवारी
नोटीस मीच वाचून दाखवली. इंग्लिश मीडियमचा घराला एकदाचा उपयोग झाला. म्हणे गिऱ्हाईक ‘कन्फ्यूज’ होईल. म्हणजे नागनाथाच्या दर्शनाला आलेला माणूस बिस्कीट समजून मेतकूट चहात बुडवणार. किती ती काळजी!

उद्धवकाका अभिषेक आटोपून आले, सोवळ्यातच ऐकलं. "माझ्या बायकोचं नाव आहे ते. एखाद्याचं नाव काढून घेणारे हे कोण?" गल्ली जमली. सगळ्यांनी माना हलवल्या.

काकू डाळ भाजत होती. भाजतच राहिली.

४ फेब्रुवारी
हिंगोलीला वकिलाकडे गेलो. म्हणाले, माणसाला स्वतःचं नाव वापरायचा हक्क असतो, लढता येईल. फक्त शाळेचा दाखला आणा. काका म्हणे लढायचंच!

मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला — ‘सेव्ह मधुवंती’. चौसष्ट मेंबर. त्यातले साठ गुड मॉर्निंग पाठवतात.

६ फेब्रुवारी
काकूच्या ट्रंकेतून दाखला निघाला. सेनगावची शाळा. नाव — सुनीती.

दोनदा वाचलं. विचारलं, काकू, ही कोण?

"मीच की. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या काकांनी अंगठीनं त्यात मधुवंती लिहिलं. मी वाचलं तवा मला कळलं."

रागात नाही. डाळ किती भाजायची ते सांगावं तसं. मग नोटिशीकडे बघितलं अन् म्हणाली, "हे तर लई भले लोक आहेत बाई. पंधरा दिवस देऊन राहिले."

मला हसू येत होतं. मग नाही आलं.

७ फेब्रुवारी
वकील म्हणे दाखल्यावर दुसरं नाव, म्हणजे केस अवघड.

१० फेब्रुवारी
काकूनं कंपनीला लिहून दिलं — मधुवंती सोडलं. कोणाला विचारलं नाही. सही करायला पेन माझाच घेतला.

मग मला म्हणाली, नवं लेबल कर. ‘सुनीती मेतकूट’. केलं. मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून बघत बसली. कढईत डाळ करपली! काकूची डाळ करपलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

११ फेब्रुवारी
काकांनी लेबल पाहिलं. फाडलं नाही, नुसतं पालथं ठेवलं. जेवले नाहीत. "माझ्या आईनं निवडलेलं नाव होतं ते. सोडायच्या आधी मला विचारलं काहून नाही?" गल्ली जमली. त्याच लोकांनी त्याच माना हलवल्या. काका ‘सेव्ह मधुवंती’मधून पण बाहेर पडले.

काका म्हणे काय बी टाक, पण ते नाव नको. काकू डाळ भाजून राहिली. प्रेसवाला उद्या सकाळी फाईल मागतोय, रविवारी शिवरात्र. कंपनीनं निदान पंधरा दिवस तरी दिले होते. डायरी, तूच सांग — सुनीती छापू, का पुडी परत कोरी ठेवू?