मायच्या डोळ्यावरचा दाणा

९ जानेवारी १९९०, सुरत
नानाकाकाची तार. मायचा डोळा बिघडला, लगेच निघ. मायला एकच डोळा. डावा लहानपणी देवीत गेला. उजव्यात मागच्या महिन्यात कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागली. तेव्हाच दाखवलं असतं तर... शेठला म्हटलं, लूम बंद पडला तर पडू दे.

११ जाने., धुळे
डोळ्याचा दवाखाना. मायच्या उजव्या गालावर सकाळी एकदम कोमट पाणी आलं म्हणे. डॉ.बाई तरुण आहेत, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. म्हणाल्या, बुबुळाला भोक पडलंय, आतलं पाणी बाहेर येतंय. मी म्हटलं, टाका घाला.
"काम काय करता, भाऊ?"
"लूमवर. सुरतला."
"मग कुजक्या कापडाला टाका घालून पाहिलाय?"
टाका ओढला की भोक मोठं.
"चिकटवू," म्हणाल्या. चिकटवणार. डोळा.

१२ जाने.
चिकटवला. कंपाउंडरने सांगितलं, आधी कडेची सडकी साल खरवडली, टिपून कोरडं केलं, मग सुईच्या टोकाने खास गोंदाचा थेंब. थेंब कसला, थेंबाचं पिल्लू. टेकला की कडक. पापणीला टोचू नये म्हणून वर मऊ, आरपार दिसणारी चकती. दुपारी बाईंनी मला दुर्बिणीतून पाहू दिलं. बुबुळाच्या कडेला पांढुरका दाणा. पाणी बंद. आमचं सगळं धाग्यावर चालतं, तुटला की गाठ. हा बिनगाठीचा सांधा, तोही जित्या माणसाच्या बुबुळावर. बाईंचा हात कसा असेल. मला चहाची बशी सांडल्याशिवाय नेता येत नाही.

१५ जाने.
घरी सोडलं. बाईंची ताकीद: दाणा काढायचा नाही. खालची जखम भरली की आपोआप पडेल. आधी पडला तर परत पाणी. चोळायचं तर मुळीच नाही. मी विचारलं, पुढच्या महिन्यात सुमीचं, बहिणीचं लग्न आहे, माय रडली तर?
"रडू द्या. पदर लावू देऊ नका."
बाहेर आल्यावर माय म्हणते, "पदर नही लावना, मंग रडानं कसं?"

२ फेब्रु., गाव
शेठने माझ्या लूमवर दुसरा ठेवला. ठेवू दे. एवढं एका जागी कधी बसलो नाही, पाय वळवळतात. उठल्याबरोबर मायचा डोळा बघतो, दाणा आहे. परवा तपासणीला नेलं, बाई म्हणाल्या चांगला धरलाय, थांबा अजून. मायला माझी बोटं दिसतात, किती ते बरोबर सांगते. लोक बघायला येतात. नानाकाका ओट्यावरून सांगतो, "बठ्ठा डोया गोंदवर शे." अख्खा डोळा गोंदावर, म्हणून हसतात. हसू दे. बाईंनी केलं ते यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नसेल.

१८ फेब्रु.
लग्न लागलं. पाठवणी. सुमी गळ्यात पडली तसा मायचा हात पदराकडे गेला. मी दोन्ही मनगटं धरली. मावशी ओरडली, "पोऱ्या, मायले रडू बी देत नही का?"
रडतच होती. दोन्ही गालांवरून, गेलेल्या डोळ्यातूनसुद्धा. पुसणं नाही, तोंड झाकणं नाही. हनुवटीवरून सुमीच्या शालूवर थेंब. जीप वळेपर्यंत मी हात सोडले नाहीत.

१९ फेब्रु., धुळ्याच्या एस.टी.त
सकाळी गोधडीवर दाणा सापडला. चकती पण. जखम भरली म्हणून पडला, की कालच्या... बाईंकडे निघालो. डाव्या हातात मायची मनगटं, उजव्याने लिहितोय, अक्षर हलतंय.
मायचा उजवा गाल ओला आहे. कोमट लागला.
"माय, रडतेस का?"
"सुमीसारखी आंडेर गई. रडू बी नको का?"
तोंड खिडकीकडे. डावा गाल तिकडे आहे. रडत असेल तर तोही ओला असणार, नाहीतर हे डोळ्याच्या आतलं पाणी. वाकून पाहिलं की कळेल.
नरडाणा फाटा गेला. अजून पाहिलं नाही. डावाही ओला असू दे.