वरून एक

बाबा, तुमचा कागद मी चुकीचा वाचला आणि त्यापायी आई चढावर अडकली. दिवाळीपासून हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा आता घाई कसली, म्हणून नीट पहिल्यापासून सांगते.

आई अजून वरच राहते. पोलादपूरच्या रस्त्यावरून आपल्या वाडीला जाणारी वाट होती तशीच आहे, फक्त सरकारने खालच्या अर्ध्या भागात काँक्रीट ओतलंय आणि वरचा अर्धा देवावर सोडलाय. आईचे गुडघे गेले. मी महाडला, मी शिकवते त्या शाळेपासून दहा मिनिटांवर, घरात एक खोली नुसती रिकामी. तिला कितीदा म्हटलं की ये राहायला. ती "येते गो पुढच्या महिन्यात" म्हणते आणि तो महिना काही उगवत नाही. मागच्या वर्षी ताप चढला तेव्हा वाडीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. तिला तापापेक्षा त्या खुर्चीचीच जास्त लाज वाटली. त्यानंतर तिने डॉक्टरचं नाव काढलं नाही. दुखलं तरी सांगेना. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाठीवर सामान घेऊन वर जायचे आणि ती चालताना भिंतीला किती वेळा हात लावते ते मोजायचे.

म्हणून मी एक गाडी घेतली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एक रिसॉर्ट होतं, पर्यटकांना शेतातून फिरवायला त्यांच्याकडे चार चाकांच्या मोटारसायकली होत्या. रिसॉर्ट बंद पडलं, बाकीच्या गाड्या विकल्या गेल्या, ही एक कुणी घेईना. परदेशी बनावटीची, जुनी, टू-स्ट्रोक. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून नको, असं सगळे म्हणायचे. मला तर टू-स्ट्रोक म्हणूनच ती हवी होती. तुमच्या गॅरेजातल्यासारखा तो धुराचा वास आला आणि मी पंचेचाळिशीची बाई त्या शेडमध्ये वेड्यासारखी हसत उभी राहिले. गाडी चांगली होती. मी एकटी बसले की झरझर वर जायची. पण मागे आई आणि पुढे तांदळाची पिशवी घेतली की खडकाच्या वळणावर तिचा जीव जायचा. मग आईला उतरवायचं आणि ते वळण पायी चढायला लावायचं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

तुमची मोटारसायकल त्याच वळणावरून मला, आईला आणि कोंड्याच्या पोत्याला घेऊन जायची. पोलादपुरात लोक अजून बोलतात, मेस्त्रीने स्वतःच्या गाडीच्या खिडक्या स्वतः कापल्या होत्या म्हणून. पोर्ट हा शब्द मी पुढे कॉलेजात शिकले. तुमच्या गॅरेजात खिडकीच म्हणत. टू-स्ट्रोकला झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, पिस्टन वरखाली होताना ती झाकतो नि उघडतो. ताजी हवा आत यायची एक खिडकी, धूर बाहेर जायची दुसरी. खिडकी कुठे, केवढी, किती आधी उघडते, त्यावर सगळा इंजिनाचा स्वभाव. हे मी आता मुलांना फळ्यावर शिकवते. तुम्ही कधी शिकवलं नाहीत. तुम्ही काम करत असायचात आणि मी बघत असायचे. आईच्या स्वयंपाकघरात तुम्ही चुलीपाशी बसला आहात, तव्याखालची काजळी बोटाने घेऊन सिलिंडरच्या आत फासता आहात, आणि माझ्या आलेखवहीचा कागद मला न विचारता फाडून आत गुंडाळून दाबता आहात. कागद बाहेर येतो तेव्हा त्यावर खिडक्यांचे पांढरे ठसे. आई म्हणते, भाकऱ्या काळ्या झाल्या तर तुम्हीच खा. तुम्ही खाता.

तोच कागद मला तुमच्या पत्र्याच्या डब्यात मिळाला, बारीक कानशींच्या खाली चार घड्या घालून ठेवलेला. मागे तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, "घाटाला. वरून एक. हेडला जाड पत्रा." मला इतका आनंद झाला की काय सांगू. अठरा वर्षांनी तुम्ही मला उत्तर काढून ठेवलंय असंच वाटलं. दोन्ही इंजिनं जवळजवळ सारख्याच ताकदीची. वरून एक, म्हणजे धुराच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर वर. आणखी काय असणार? इंटरनेटवर किती तरी लोक आपापल्या घरी बसून हेच करताना दिसतात, धुराची खिडकी वर सरकवतात आणि गाडी कशी पळते ते दाखवतात. जाड पत्र्याचं कोडं मला उलगडलं नाही. खिडकी कापायची तर हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली, जाड पत्र्याचं गॅस्केट कशाला? विज्ञानाची शिक्षिका मी, मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर तिथेच लाल रेघ मारून "का?" विचारलं असतं. स्वतःला विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी सिलिंडर ओट्यावर घेतला. दुसरा मिळणार नाही हे माहीत होतं. हा गेला की गाडी भंगारात आणि आई कायमची वर. मीही काजळीने ठसा घेतला, कड मापली, सुईने रेघ ओढली, तोंडाला फडकं बांधलं आणि हातातल्या छोट्या ग्राइंडरने रेघेच्या अलीकडेपर्यंत आले. उरलेलं तुमच्या कानशीने. शेवटी सगळ्या कडा मोडून गुळगुळीत केल्या, नाहीतर पिस्टनची रिंग अडकते आणि खेळ खलास, एवढं बघून बघून मला माहीत होतं. चार दिवस लागले. बाबा, त्या चार दिवसांत मी जेवायला विसरत होते. धातूच्या आत इतकी जागा असते, त्यातून वारा असा वळून जातो, हे बोटाला कळतं, पुस्तकात कळत नाही. तुम्हाला गॅरेजातून घरी यायला उशीर का व्हायचा हे मला त्या चार दिवसांत समजलं.

सपाटीवर गाडी अशी पळाली की माझी ओढणी मानेभोवती आवळली. मी आईला मागे बसवलं, तांदूळ पुढे ठेवले आणि निघाले. वळणावर गाडी पूर्वी दमून थांबायची. आता ती दमलीसुद्धा नाही, सरळ मेली. आवाज मोठा, जोर काहीच नाही. वेग कमी झाला की तिच्या अंगात काही उरतच नव्हतं. आम्ही हातभर मागे घसरलो. आईने माझी कंबर इतकी घट्ट धरली की तिची नखं लागली. ब्रेक लागला, मी उतरले, तिला उतरवलं. ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "राहू दे गो. मी कुठं जात्येय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते वळण पार करायला आम्हाला किती वेळ लागला ते मी लिहीत नाही.

सुट्टी संपायच्या आत सिलिंडर पिशवीत घालून मी बिरवाडीला गेले. तुमचा लेथवाला, कातकाम करणारा दोस्त आठवतो ना, जो पुढे आखातात गेला? परत येऊन त्याने एमआयडीसीच्या कडेला छोटं वर्कशॉप टाकलंय. दाढी पांढरी झालीय, डोळ्याला जाड भिंग. मी चाचा म्हणते. सगळी हकिकत त्यांनी ऐकली, खिडकीत बोट फिरवलं आणि काम साफ हाय म्हणाले. मग तुमचा कागद मागितला. त्यांनी माझा सिलिंडर उचलला आणि टेबलावर ठेवला, म्हणजे उलटा ठेवला, डोकं खाली. खालच्या तोंडाला गळा बाहेर आलेला असतो ना, त्यामुळे तो सरळ उभाच राहत नाही. टेबलावर सिलिंडर नेहमी डोक्यावरच उभा असतो.

"आता सांग पोरी," चाचा म्हणाले, "वर म्हंजे खंयचा वर?"

मी वाकून पाहिलं. वर आता सिलिंडरचं बूड होतं. तुम्ही लिहिलेलं "वरून एक" म्हणजे बुडाचा एक मिलिमीटर लेथवर उतरवून टाकायचा. मग अख्खा सिलिंडर खाली बसतो, सगळ्या खिडक्या त्याच्याबरोबर खाली येतात, धूर उशिरा सुटतो, ढकलायला जोर जास्त वेळ मिळतो. आणि पिस्टन वर हेडला आपटू नये म्हणून तिथे जाड पत्रा. तुमची तिन्ही छोटी वाक्यं एकमेकांना घट्ट धरून होती, मीच त्यांतलं एक उलटं धरलं. चाचा म्हणाले, तुझ्या बापाने खिडकी कानशीने शिवलीसुद्धा नाय, लोकांनी उगाच गप्पा मारल्या. ते काम मीच करून दिलंय माझ्या लेथवर.

तेव्हा मला माझी दहावीची वही आठवली. इंजिनाची आकृती मी पेन्सिलने तासभर बसून काढली होती. तुम्ही एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "उलटी काढल्येस." बस, इतकंच. मी पुस्तक दाखवलं, पुस्तकात तशीच होती. तुम्ही खांदे उडवलेत आणि हात धुवायला गेलात. शाळेत मला पैकीच्या पैकी मिळाले आणि तुमच्यावरचा तो राग मी वर्षानुवर्षं जपून ठेवला. बाबांना शिकलेलं काही कळत नाही, असं मी मैत्रिणींना सांगितलंय. आता मला खरंच जाणून घ्यायचंय, तुम्ही चेष्टा करत होता का? की तुमच्या डोळ्यांना इंजिन तसंच दिसायचं, टेबलावर डोक्यावर उभं, आणि माझं पुस्तक तुम्हाला मनापासून चुकलेलं वाटलं? दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारला असता तर भागलं असतं. आपल्या घरात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, नुसतं बघायचं.

मी चाचांना विचारलं की आता कापलेलं कसं भरायचं. ते म्हणाले, कापलेलं भरत नाय, पर एक वर ग्येलंय त्याला एक खाली आणू. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, लेथवर लावलं, बुडाचा बारीक चकाकता कीस माझ्या पायाशी पडत राहिला. हेडसाठी तांब्याचा पत्रा कापून दिला. धुराची खिडकी होती त्या जागी परत आली, हवेच्या खिडक्या मात्र पहिल्यापेक्षा एक मिलिमीटर खाली गेल्या, आता त्या उशिरा उघडणार आणि कमी वेगातही जोर टिकणार. माझ्या चार दिवसांच्या कानशीचं काय झालं विचारलं तर म्हणाले, कडा सुरेख मोडल्यास, त्या कामाला येतील.

पुढच्या रविवारी आई बसायला तयार नव्हती. मी गॅस सिलिंडर मागे बांधून एकटीच वर गेले आणि खाली आले, तीन वेळा, तिच्या देखत. चौथ्या वेळी ती स्वतःच येऊन बसली. खडकाच्या वळणावर गाडीचा आवाज जड झाला, मी अंग पुढे झुकवलं, आणि गाडी कुरकुरत, हळूहळू, पण न थांबता चढून गेली. सपाटीवर ती आता पहिल्यासारखी पळत नाही. पळायचं कुणाला होतं?

दारात उतरल्यावर आईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, उद्या तुझी शाळा किती वाजता? मी म्हटलं का? म्हणाली, तुझ्याकडं येते म्हन्ते चार दिस, डॉक्टरला पन दाखवू. मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "परत वर येता येतंय तर खाली जायला काय हाय?" इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला माझं घर आवडत नाही. तिला भीती होती ती एकदा उतरलो की परत यायला मिळणार नाही याची. आता ती महिन्यातून आठवडाभर माझ्याकडे असते, महाडच्या बाजारात भाव करते, डॉक्टरशी भांडते, आणि कंटाळा आला की पिशवी भरून दारात उभी राहते.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या डब्यातही मी ते ठेवणार नाही, कारण आई तो डबा उघडते. एक गोष्ट तिच्या हाती लागायला नको. त्या दिवशी गाडी वळणावर मेली, आम्ही मागे घसरलो, ती दगडावर बसून "राहू दे" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं, आता तरी हिला माझ्याकडे यावंच लागेल.