दुखलंच नाही

३ मार्च

कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात सिस्टरनी झगा घोट्यापर्यंत उचलला आणि चेंडूला लाथ मारली! आम्ही मुली तोंडावर रुमाल दाबून हसत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाय चेंडूला टेकलेला असतो, तेवढंच काय ते कार्य. पुढे चेंडू पळतो तो मिळालेल्या शिदोरीवर."

इतक्या वर्षांनी आज हे टिचकीला सांगितलं. नात नववीत आहे. शेवटचा पेपर विज्ञानाचा, आणि 'कार्य आणि ऊर्जा' सगळं डोक्यावरून जातंय.

"आजी, नुसतं बोलून नाही कळत गं."

मग गच्चीवर गेलो. चपला काढल्या आणि अनवाणीच दिली एक सणसणीत! चेंडू पाण्याच्या टाकीवर धाडकन आपटला.

"सगळी ऊर्जा चेंडूला मिळाली?"

"सगळी कशी मिळेल? थोडी आवाजात जाते, थोडी उष्णतेत. थोडी पायातच मुरते."

"दुखलं?"

"छे! दुखलंच नाही."

केवढी मिरवले मी!

६ मार्च

सूनबाईला माझ्या मोज्यावर डाग दिसला. अंगठा काळानिळा, नखाखाली पू. "आई, हे कधी झालं?" मला पत्ताच नव्हता. शुगरने पाय कधीचे बधिर झालेत. आधी मुंग्या तरी यायच्या, मग मुंग्यांनीही घर सोडलं.

७ मार्च

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय, आत सडायला लागलंय. आजच दाखल व्हा, नुसता अंगठा काढून भागेल.

टिचकीचा पेपर बारा तारखेला. आत्ता गेले तर पोरगी विचारणार, कशाने झालं? ती काही दूधखुळी नाही. पायात मुरलेलं तिला बरोबर सापडेल, आणि पेपर बाजूलाच राहील.

मुलगा ओरडला, "आई, परीक्षा काय पळून चाललीय?"

"गोळ्या घेते. बाराला येते." तिला काही सांगणार नाही, असं दोघांकडून वदवून घेतलं.

भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

९ मार्च

ताप. टिचकीला म्हटलं, सर्दी.

१२ मार्च

टिचकी जिन्यातूनच ओरडत आली. "आजी, चेंडूचाच प्रश्न! पैकीच्या पैकी मिळणार बघ!" गळ्यात पडली. मग हात मागे घेतला — "किती तापलीयेस गं तू!"

गाडी खाली उभीच होती.

१३ मार्च

विष रक्तात गेलंय म्हणतात. थोड्या वेळाने गुडघ्यापासून पाय काढतील. शुद्धीवर येईन, असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही.

मोत्याची माळ माझ्या थोरल्या बहिणीला. घड्याळ सूनबाईला — रोज जखम तिने धुतली, नाक न मुरडता. मुलगा रागावलाय, त्याला काही घ्यायला लावू नका. टिचकीला माझी खोली, खिडकीजवळच्या टेबलासकट. आणि तिला सगळ्यांनी एकच सांगायचं — बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच लागली होती.