बायका पुढे, पुरुष मागे

१८ जाने.
हिमायतनगर, मुग्धाकडे. येऊन तीन दिवस झाले. लेक म्हणते, "आई, कॅब बुक करून देते ना." नको. एसीत कोंडून गाव कळत नाही. आम्ही बसने फिरणार.
यांनी सकाळपासून तीनदा विचारलं, आपण कुठे आलोय. हैदराबादला, मुग्धाकडे. बरं, म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलंय, हे विसरणं वाढत जाणार. मुग्धाला सांगितलेलं नाही. तिला म्हणते, बाबांना ऐकू कमी येतं. खपून जातं.

२० जाने.
बसने मलकपेठ. इथे बायका पुढे, पुरुष मागे. हे माझ्यामागोमाग पुढच्या दाराने चढले. कंडक्टरबाई: "अंकल, पीछे जाओ ना. ये लेडीज का है." गेले निमूट. मी दर स्टॉपला वळून बघत होते, मान धरली. उतरायची खूण केली तर बरोबर उतरले. उगाच घाबरते मी.
यांचा मोबाइल हल्ली माझ्या पर्समध्ये असतो. कुठेतरी ठेवून देतात.

२२ जाने.
अंबरपेठला निघालो, माझ्या मावसबहिणीकडे, शालूकडे. बस खच्चून भरलेली. मागचं काही दिसेना. अंबरपेठला उतरले, मागच्या दाराशी धावले. तिघे उतरले. हे नाहीत. बस गेली.
फोन लावला. पर्समध्येच वाजला. काय हे माझं शहाणपण! 
शेअर रिक्षावाला म्हणाला, "बैठो अम्मा, परेशान नक्को हो. बस उप्पलकूच जाती." उप्पल म्हणजे शेवटचा स्टॉप. वाटेत काय काय दिसलं, एक आठवत नाही.
उप्पलच्या स्टँडवर हे बाकावर. शेजारी त्याच बसची कंडक्टरबाई, डबा उघडून बसलेली. म्हणाली, "मैं पूछी किधर उतरना. बोले, मेरी बीवी बतातीं."
आणि हे माझ्यावरच डाफरले, "अगं, होतीस कुठे?"
शालूला कळवलं, आज जमत नाही. मुग्धा ऑफिसातून आल्यावर चहाला हेच तिला सांगतात, "तुझी आई हरवली होती आज. मी शोधून आणली." मुग्धा हसली. मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

२३ जाने.
आज बस नाही. मुग्धाला सुट्टी. दोघी मटार सोलत होतो. हे आंघोळीला.
मुग्धा हळूच म्हणाली, "आई, बाबा मला विचारत होते, कॉलेज किती वाजता सुटतं तुझं."
"कधी?"
"आलात त्याच दिवशी. काल परत."
कॉलेज संपून बारा वर्षं झाली तिचं.
"मग काय सांगितलंस?"
"पाचला."
म्हणजे मी हिच्यापासून लपवतेय आणि ही माझ्यापासून. वाटलं, आता सगळं सांगून टाकावं. तोंड उघडलं, तेवढ्यात हे पंचा गुंडाळून दारात.
"काय कुजबुज चाललीय दोघींची?"
"काही नाही, बाबा." माझ्याआधी मुग्धाच म्हणाली.