सेव्ह केलं की ताई बोलते

चि. मेहुणेबुवा,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे गुडघे, छत आणि मी अजून टिकून आहोत. तुझी प्रकृती कशी आहे? (वर्षभरात तू इकडे फिरकला नाहीस म्हणून लेखी विचारावं लागतं; एरवी नुसत्या नजरेने काम झालं असतं.)

पत्रास कारण, तुझ्या ताईच्या हट्टापायी तू माझ्या एडिटरला, म्हणजे संगणकावर मी ज्यात शब्दकोश लिहितो त्या प्रोग्रामला, जोडून दिलेलं प्लगिन. तुला ते ठाऊक आहेच, तरी सांगतो. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय पुढे न जाणं ही संस्कृत शिकलेल्या माणसाची खोड आहे. फाइल उघडली, मजकूर बदलला, सेव्ह झाली, बंद झाली, अशा प्रत्येक घटनेची एडिटर वर्दी देतो आणि प्लगिन ती ऐकून खालच्या पट्टीत तुझ्या ताईचं एकेक वाक्य दाखवतं. उघडताना "आलात? आधी चष्मा पुसा." सेव्ह केलं की "एवढंच झालं?" बंद करताना "दिवा मालवा आता, शब्दकोश पळून जात नाही." ती होती तोवर मी पट्टीकडे ढुंकूनही बघत नसे, कारण तेच शब्द शेजारच्या खोलीतून मोठ्याने ऐकू येत. ती गेल्यावर बघू लागलो.

मध्यंतरी एडिटरने विचारलं, नवी आवृत्ती घेऊ का? मी हो म्हटलं. (असल्या प्रश्नांना मी लग्न झाल्यापासून हो म्हणत आलोय.) दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर पट्टी कोरी. सेव्ह केलं, तरी कोरी. नव्या आवृत्तीत घटनांची नावंच बदलली म्हणे, आणि तुझं प्लगिन बिचारं जुन्या नावाने हाक येईल म्हणून कान लावून बसलेलं. मीही त्याच्या सोबतीला सकाळभर काही न लिहिताच सेव्ह करत बसलो.

मग स्वतःच दुरुस्तीला हात घातला. तुला फोन करायला हवा होता. पण तिचा विषय निघाला की आपल्या दोघांनाही एकदम दुसरं काम आठवतं. "एवढंच झालं?" हे वाक्य मी सेव्हऐवजी मजकूर बदलण्याच्या घटनेला बांधलं, आणि पट्टीत दाखवण्याऐवजी थेट फाइलमध्ये लिहायला लावलं. आता गंमत बघ. मी एक अक्षर टाइप केलं, म्हणजे मजकूर बदलला, म्हणून प्लगिनने वाक्य लिहिलं. वाक्य लिहिलं म्हणजे मजकूर पुन्हा बदलला, म्हणून पुन्हा वाक्य. आमच्या शास्त्रात ह्याला अनवस्था म्हणतात: ज्याला तळ लागत नाही असा दोष. वर्गात जन्मभर शिकवला, प्रत्यक्ष दर्शन पहिलंच. पानंच्या पानं, एवढंच झालं, एवढंच झालं. तुझी ताई उभ्या आयुष्यात इतकं सलग बोलली नसेल, आणि मी तिला संधी दिली नव्हती असंही नाही. थांबवायला एक बटण पुरलं असतं. मी ते दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून वाचत राहिलो, शेवटी एडिटरच दमून बंद पडला.

फाइल साफ केली, पण एक वाक्य नजरेतून सुटून प्रकाशनाकडे गेलं. संपादकबाईंचा फोन आला, की 'आयुष्य' ह्या नोंदीखाली एक अवतरण दिसतंय, त्याला आधार कुठला? मी म्हटलं, मौखिक परंपरा. बाई हळूच म्हणाल्या, "सर, काढू का ते?"

"तुमच्या प्रतीतून काढा," मी म्हटलं.

तर सवड काढून ये आणि एवढं दुरुस्त करून दे.

तुझा,
भाऊजी

ता. क. असली कामं तिकडून, बसल्या जागेवरूनही करता येतात असं कळलं. तसं करू नकोस.

आणखी एक ता. क. खोटं कशाला बोलू? संपादकबाईंनी पाठवलेल्या माणसाने काल सगळं नीट केलं. आता चष्म्याचं चष्म्याच्या वेळी येतं, दिव्याचं दिव्याच्या. मात्र निघताना त्याने सहज विचारलं, ही वाक्यं कुणाची? सांगताना मला फार वेळ लागला. तो बिचारा चपला घालून दारात उभाच राहिला. तू ये. तुला सांगावं लागणार नाही.